घडीचा चाकू: आधी खिशात, मग संग्रहात

मी पुस्तकांसाठी चित्रं काढते. दिवसाला चार-पाच पेन्सिली हाताखालून जातात आणि त्या सगळ्या मी चाकूनंच तासते. शार्पनरचं टोक आखूड निघतं. चाकूनं लाकूड लांबवर उतरवून शिसं दीड-दोन सेंटिमीटर उघडं ठेवलं, की त्याच पेन्सिलीनं बारीक रेघ येते आणि आडवी धरून सावलीही भरता येते. वीस वर्षांपूर्वी एवढ्याच कामासाठी मी पहिला घडीचा चाकू घेतला. आज एकतीस आहेत. कुणी विचारलं, सुरुवात कशी करू, तर माझं एकच सांगणं असतं: एक चाकू सहा महिने खिशात वागवा, तोवर दुसऱ्याचं नाव काढू नका. त्या सहा महिन्यांत पातं किती लांब हवं, मूठ किती जाड हवी, वजन किती सोसतं, हे तुमचा हातच ठरवतो. ते ठाऊक नसताना केलेली खरेदी पेटीत पडून राहते.

पारंपरिक म्हणजे कुठला, ते आधी सांगते. पात्याच्या मागं एक पोलादी स्प्रिंग असते. तिच्या दाबावर पातं उघडं राहतं आणि त्याच दाबावर बंदही राहतं, लॉक नसतं. पात्यावर नख अडकवायला खाच असते, म्हणून उघडायला दोन्ही हात लागतात. बहुतेक जुने नमुने या जातीचे. पण सगळे नाहीत. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये केलेल्या चाकूत स्प्रिंगच नाही. लाकडी मुठीत पातं नुसतं घट्ट बसतं. ते अडकवणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी तर याहून साधा: दुमडलेल्या पत्र्याची मूठ, आत पातं, आणि पात्याच्या बुडाला बाहेर आलेली छोटी शेपटी. कापताना ती शेपटी अंगठ्याखाली दाबून धरायची, तोच त्याचा आधार.

पहिला चाकू साधा घ्या. एकच पातं, सहा ते आठ सेंटिमीटरचं. तीन पात्यांचा, स्टॉकमन नावाचा नमुना देखणा असतो, पण खिशात जड होतो आणि तीनही पात्यांना धार राखावी लागते. विकत घेताना तो उघडून डोळ्यांसमोर उजेडाकडे धरा. स्प्रिंग आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्या यांच्यामधून उजेड दिसायला नको. पातं बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून बघा, ते डुगडुगायला नको. मग बंद करा आणि आवाज ऐका. चांगल्या चाकूचं पातं मिटताना खट्ट वाजतं. स्प्रिंग ढिली असेल तर ते नुसतं आत घरंगळतं. उघडताना नख दुखावं इतकी ताठ स्प्रिंगही नको, रोजच्या वापरात तिचा जाच होतो.

बाळगायची जागा पुढचा खिसा, तीही चाकूची एकट्याची. किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवला तर हाडाच्या मुठीवर महिनाभरात ओरखडे उठतात. मी पातळ कातड्याची लहानशी पिशवी शिवली आहे, ती खिशात उभी राहते. आठवड्यातून एकदा टूथपिकनं मुठीतल्या खाचेतला कापसाचा भुगा काढा. तो घामाची ओल धरून ठेवतो आणि गंज नेमका तिथून सुरू होतो.

कायदा देशागणिक वेगळा आहे, म्हणून खिशात घालण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा. ब्रिटनमध्ये घडीचा, लॉक नसलेला आणि तीन इंचांपर्यंत, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपर्यंत धारेचा चाकू कारणाशिवाय बाळगता येतो. कडी लावायचा ओपिनेल मात्र त्यात बसत नाही, त्याला सबळ कारण लागतं. विमानात चाकू सामानात द्यायचा, हातातल्या पिशवीत नाही. आणि शाळेत, सरकारी कचेरीत, गर्दीच्या कार्यक्रमाला जाताना मी तो घरीच ठेवते.

आता एक गोष्ट नीट वाचा. लॉक नसलेल्या चाकूनं टोचायचं नाही. कातडी पट्ट्याला भोक पाडायला म्हणून मी एकदा टोक दाबून फिरवलं. पातं पाठीकडून ढकललं गेलं आणि तर्जनीवर मिटलं. चार टाके पडले, तीन आठवडे हातात पेन्सिल धरता आली नाही. जोर नेहमी धारेच्या दिशेनंच द्यायचा. भोक पाडायला अरी आहे. मिटतानाही घाई नको. मूठ तळहातात, चारही बोटं खाचेपासून दूर, आणि पातं दुसऱ्या हातानं पाठीकडून धरून शेवटपर्यंत न्यायचं. लागिओल या फ्रेंच पद्धतीच्या चाकूचं पातं हातातून सोडून मिटू दिलं तर कित्येकदा धार आत स्प्रिंगवर आपटते आणि मधोमध एक चपटा डाग पडतो. तो घालवायला बरंच पोलाद झिजवावं लागतं.

पोलाद कार्बनचं घ्यावं की स्टेनलेस? रोज हाताळणार असाल तर कार्बन. ते लवकर धार घेतं आणि वापरता वापरता रंग बदलतं. पहिल्यांदा आंबट फळ कापलं की अर्ध्या तासात पात्यावर निळसर-जांभळे ढग उमटतात, वर्षभरात ते राखाडी होतात. तो थर गंजाला थोडाफार अडवतो, म्हणून घासून काढू नका. तांबूस आणि खरखरीत लागलं तर मात्र तो गंज. तेल लावून मऊ कापडानं लगेच उतरवा. कापून झालं की पातं पुसायचं, ही सवय लागली की बाकी चिंता नाही. सांध्यात खनिज तेलाचा एक थेंब पुरतो. स्वयंपाकाचं तेल घालू नका, ते काही दिवसांनी चिकट होऊन सांधा धरतं. लाकडी मूठ ओली झाली की फुगते आणि ओपिनेलचं पातं आत अडकून बसतं. अशा वेळी नखानं ओढाओढ करू नका. कडी मोकळी करून मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका, पात्याची पाठ आपोआप वर येते.

धार लावणं शिकल्याशिवाय चाकू आपला होत नाही. हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचं माप), पाणी लावून वापरायचा एक दगड आणि जुन्या कातडी पट्ट्याचा तुकडा एवढ्यावर माझं भागतं. पात्याच्या धारेवर मार्करनं काळी रेघ ओढा आणि पातं दगडावर पंधरा-वीस अंशांत धरून एकदा फिरवा. काळं फक्त पाठीकडच्या बाजूला गेलं तर पातं फार चपटं धरलंय. फक्त धारेच्या अगदी कडेला गेलं तर फार उभं. सगळं सारखं निघालं की तोच कोन मनगटात धरून ठेवायचा. एका बाजूनं फिरवत राहिलात की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागते. बुडापासून टोकापर्यंत ती लागली की मगच बाजू बदला. शेवटी कातड्यावर पाठीच्या दिशेनं दहा-बारा वेळा ओढा. माझी परीक्षा पेन्सिलीवर: सीडरच्या लाकडाचा छिलका न तुटता गोल वळून खाली पडला आणि मागं राहिलेला भाग चकचकीत दिसला, की धार आली. लाकूड पांढरट, फाटल्यासारखं दिसलं तर पुन्हा दगड.

संग्रहाला एखादी दिशा असावी. माझी दिशा मुठीची आहे: हाड, शिंग, लाकूड, पितळ. कुणी एकाच नमुन्यामागे जातं, कुणी एका शहराच्या कारागिरीमागे, ब्रिटनचं शेफील्ड, जर्मनीचं झोलिंगन किंवा फ्रान्सचं तिएर. जुना चाकू हातात आला की पात्याच्या बुडावरचा शिक्का भिंगातून बघा. अमेरिकेच्या केस या चाकू बनवणाऱ्या कंपनीनं १९७० पासून शिक्क्याखाली ठिपके द्यायला सुरुवात केली, त्यांवरून साल कळतं. त्यांचे नमुन्याचे आकडेही बोलतात: ६३१८ मधला सहा म्हणजे हाडाची मूठ, तीन म्हणजे तीन पाती, अठरा हा नमुना. लागिओल नावावर मात्र विसंबू नका. ते नाव कुठेही बनलेल्या चाकूवर सापडतं, तेव्हा नाव सोडून घडण तपासा. पातं मुठीच्या मानानं बारीक झालेलं असेल तर ते दगडावर झिजलंय. पात्याला नवी झळाळी आणि मुठीला जुनी झीज असेल तर कुणीतरी यंत्रावर पॉलिश करून शिक्क्याच्या कडा बोथट केल्या आहेत; असा मी घेत नाही.

जुन्या रंगीत, शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या मुठी बऱ्याचदा सेल्युलॉइडच्या असतात. हे सेल्युलॉइड म्हातारं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. मी असा एक चाकू इतरांसोबत बंद डब्यात ठेवला होता. पावसाळ्यानंतर डबा उघडला तर शेजारच्या सहा चाकूंवर गंज, आणि पितळेच्या पट्ट्या हिरव्या. तेव्हापासून सेल्युलॉइडचे चाकू वेगळे, हवेशीर कप्प्यात असतात. कातडी म्यानातही कुठलाच चाकू कायमचा ठेवू नका, कमावलेल्या कातड्यातली रसायनंही पितळ हिरवं करतात. बाकीचे मी सुती कापडाच्या गुंडाळीत, एकेका खणात, पात्यांना तेलाचा पुसट हात देऊन ठेवते. दर तीन महिन्यांनी गुंडाळी उलगडते, प्रत्येक चाकू उघडते, मिटते, पुसते. त्यातला एखादा हाताला पुन्हा आवडला तर तो पुढचे काही आठवडे खिशात येतो आणि खिशातला त्याच्या खणात जातो.