साप्ताहिकातल्या लेखावर भरवसा ठेवायचा की नाही, ते असं तपासा

प्रोजेक्टमध्ये, लेखात किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये एखाद्या साप्ताहिकाचा हवाला द्यायचाय ना, मग लेख वाचायच्या आधी अंकातली बारीक अक्षरातली ओळ शोधा, मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, छापलं कुठे. ही ओळ १८६७ च्या छपाईच्या कायद्याने सक्तीची होती, आता त्याच्या जागी २०२३ चा कायदा आलाय. ती सापडतच नसेल तर मी तो अंक सरळ बाजूला ठेवते.

मग मालक बघायचा. जुन्या अंकांत मार्चच्या सुमाराला 'फॉर्म ४' छापलेला असतो, त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल कुणाचं त्यांची नावं असतात. मालक बिल्डर निघाला म्हणून सगळं खोटं असं नाही, पण मग जमिनींच्या बातम्या जरा जपूनच वाचायच्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला नीट माहिती असलेल्या विषयावर त्यांनी काय लिहिलंय ते काढा. आपल्या पुणेकरांसाठी पानशेत घ्या, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासला धरणही गेलं, हे घरोघरी माहितीये. तेच जर कुणी 'अतिवृष्टीमुळे मुठेला पूर आला' एवढ्यावर उरकलं असेल, तर आपल्याला माहीत नसलेल्या गावाबद्दल ते काय लिहीत असतील याचा विचार करा. जुने अंक लागले तर नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयासारख्या जुन्या ग्रंथालयात विचारा.

लेखात नावानिशी किती जण बोललेत, आरोप ज्याच्यावर आहे त्याला विचारलं का, आकडा कुठल्या अहवालातला, हे पेन्सिलने खुणा करत वाचा. सगळंच 'सूत्रांनी सांगितलं' असेल तर पुरावा म्हणून वापरू नका. 'प्रायोजित' लिहिलेली पानं तर सोडूनच द्या.

चुकल्यावर काय करतात हेही बघा, पुढच्या दोन-तीन अंकांत खुलासा किंवा दुरुस्ती आहे का. मोठं नाव पुरत नाही हो, जर्मनीच्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने १९८३ मध्ये हिटलरच्या बनावट डायऱ्या छापल्या, आणि तिथल्याच 'डेर श्पीगेल' साप्ताहिकाकडे तथ्य तपासणारा एवढा मोठा विभाग असूनही त्यांचा एक बक्षीसपात्र वार्ताहर गोष्टी रचून लिहीत होता, पण २०१८ मध्ये ते त्यांनी स्वतःच छापून सांगितलं, आणि हे मला फार मोठं वाटतं.

अजून एक, तीन ठिकाणी आलंय म्हणजे तीन पुरावे झाले असं धरू नका, तिघांनी पीटीआय या वृत्तसंस्थेची एकच बातमी उचललेली असू शकते, बातमीच्या वर किंवा खाली तिचं नाव आहे का बघा. आणि हवाला देताना लेखकाचं नाव, अंकाची तारीख आणि पान नंबर तिथल्या तिथे लिहून घ्या, नुसतं कात्रण ठेवलंत तर नंतर तारीख शोधत बसाल.