ग्रीक देवाची संग्राह्य मूर्ती स्वतः कशी घडवावी: लंगडा लोहार हेफेस्टस

ग्रीक देवांच्या फिगर्स करायला बसलेले बहुतेक जण चेहऱ्यापासून सुरुवात करतात. तसे करू नका. दाढीवाला, धिप्पाड, उघड्या अंगाचा पुरुष म्हणजे देवांचा राजा झ्यूस की समुद्राचा देव पोसायडन, हे चेहऱ्यावरून कळतच नाही. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आर्टेमिसियनच्या समुद्रात सापडलेला एक कांस्यपुतळा आहे. इ.स.पू. 460 च्या आसपासचा, दोन मीटरहून थोडा उंच. देव काहीतरी फेकण्याच्या पवित्र्यात आहे, पण हातातली वस्तू नाहीशी झाली आहे. वज्र असेल तर तो झ्यूस, त्रिशूळ असेल तर पोसायडन. वाद अजून चालूच आहे. तेव्हा आधी हातातली वस्तू ठरवा, मग पवित्रा आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

पायरी 1: देव नव्हे, प्रसंग निवडा

झ्यूस आणि अथीना यांच्या मूर्ती बाजारात ढिगाने मिळतात. म्हणून इथे हेफेस्टस घेऊ, देवांचा लोहार. हातोडा, सांडस, निमुळती टोपी आणि एक खांदा उघडा ठेवणारा आखूड अंगरखा एवढ्यावर तो ओळखू येतो. पण "हेफेस्टस उभा आहे" हे डिझाइन झाले नाही. तो या क्षणी काय करतो आहे, ते ठरले पाहिजे.

होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या 18व्या सर्गात तो क्षण तयारच सापडतो. ग्रीक योद्धा अकिलीसची आई थेटिस मुलासाठी चिलखत मागायला येते, तेव्हा हेफेस्टस घामाघूम होऊन तिवया बनवत असतो. एकूण वीस तिवया, प्रत्येकीला सोन्याची चाके, आपणहून देवसभेत जाऊन परत येणाऱ्या. कड्या तेवढ्या बसवायच्या राहिल्या आहेत. पाहुणी आल्याचे कळताच तो भाते आगीपासून दूर सारतो, अवजारे चांदीच्या पेटीत भरतो, स्पंजाने तोंड, हात, मान आणि केसाळ छाती पुसतो, अंगरखा चढवतो, जाड काठी घेतो आणि लंगडत बाहेर येतो. सोन्याच्या दासी, म्हणजे त्यानेच घडवलेल्या चालत्याबोलत्या यंत्रमुली, त्याला आधार देतात.

एवढ्या मजकुरात पोशाख, अवजारे, बैठक (मूर्तीखालचा पाया) आणि रंगसुद्धा आले. कोणताही देव घ्या, मूळ कथेतला असा एक परिच्छेद हाताशी असल्याशिवाय पेन्सिल उचलू नका.

पायरी 2: माप

संग्राहकांमध्ये 1:12 हे माप चांगले रुळलेले आहे. सहा फुटी माणूस साधारण 15 सेंटीमीटरचा होतो. 1:6 मध्ये तोच 30 सेंटीमीटर. पहिल्या मूर्तीसाठी 1:12 पुरे. गंमत म्हणजे अथेन्समध्ये 1880 मध्ये सापडलेली, पार्थेनॉन मंदिरातल्या, शिल्पकार फिडियसच्या अथीनेची संगमरवरी प्रतिकृती बैठकीसकट 1.05 मीटर आहे. मूळ मूर्ती सुमारे बारा मीटरची होती. म्हणजे तिथेही प्रमाण जवळपास हेच.

पायरी 3: काळी आकृती

कागदावर पाच-सहा छोटी रेखाटने करा आणि आतला भाग काळा भरा. नुसत्या सावलीवरून देव ओळखू आला पाहिजे. हेफेस्टसच्या सावलीत तीन गोष्टी दिसायला हव्यात: रुंद खांदे, टोपीचे टोक आणि काठीवर कललेले वजन. कथेत हातोडा पेटीत गेला आहे, पण ओळखीसाठी तो हातात ठेवू. छातीसमोर धरलात तर सावलीत गडप होतो, तो बाजूला लोंबता ठेवा. लंगडेपण दाखवायला काही जुन्या कलशचित्रांत पाऊलच उलटे वळवलेले आहे. मला ते 15 सेंटीमीटरच्या मूर्तीत सांधा चुकल्यासारखे वाटते; एक टाच उचललेली आणि कंबर तिरकी, एवढे पुरते.

मागची बाजूही आत्ताच काढा. फोटोंवरून काम करणाऱ्यांच्या मूर्ती पाठीमागून सपाट राहतात. शक्य असेल तर छोटी ग्रीक शैलीची मूर्ती प्रत्यक्ष पाहा. त्यासाठी अथेन्सलाच जायला हवे असे नाही: कोल्हापुरात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

पायरी 4: कुठे मोडेल?

खरे डिझाइन इथे होते. होमर सांगतो की हेफेस्टसचे धड दणकट आणि पोटऱ्या बारीक. मूर्तिकाराच्या दृष्टीने ही आफतच: सगळे वजन वर, आणि सगळ्यात नाजूक जागा घोट्यापाशी. जुन्या कारागिरांनाही हा त्रास होता. संगमरवरी पुतळ्यांच्या पायाशी जे झाडाचे खोड दिसते, ते बहुतेक वेळा आधारासाठीच असते. वर सांगितलेल्या अथीनेच्या उजव्या हाताखालीही खांब आहे.

आपल्याला खोड नको, कारण कथेनेच आधार दिले आहेत. काठी हा तिसरा पाय. काठीच्या आत 1 मिलिमीटरची पितळी सळई घाला आणि ती थेट बैठकीत उतरवा. दासीचा हात त्याच्या कोपराला टेकलेला ठेवा, म्हणजे चौथा आधार मिळतो आणि प्रसंगही पुरा होतो. बैठकीवर ऐरण आणि कड्या नसलेली एक तिवई ठेवा. ती तिवई ज्याला कळेल, तो तुमचा पक्का गिऱ्हाईक.

भाला, त्रिशूळ, धनुष्य या वस्तू रेझिनच्या (घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकच्या) बनवूच नका. काही महिन्यांत त्या वाकतात. पितळी तार वापरा.

पायरी 5: घडवणे

हाताने करणार असाल तर अॅल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा करा, त्यावर चुरगळलेला फॉइल आणि वर पॉलिमर क्ले किंवा दोन भागांची इपॉक्सी पुट्टी लावा. एम-सील स्वस्त आहे, ऐरण आणि बैठकीला उत्तम. बोटे आणि दाढीसाठी मात्र ती भरड पडते. शाडू नको, बारीक मनगटे टिकत नाहीत.

संगणकावर करणार असाल तर ब्लेंडर हे त्रिमितीय आकार घडवायचे सॉफ्टवेअर फुकट आहे. रेझिनच्या 3D प्रिंटरवर मूर्ती अखंड छापायच्या भानगडीत पडू नका. डोके, दोन्ही हात, दासी, काठी आणि बैठक वेगळी करा, आणि जोड कपड्याच्या कडेखाली किंवा पट्ट्याखाली लपवा. खुंटी आणि खाच यांत सुमारे 0.2 मिलिमीटर जागा सोडा. धड आतून पोकळ ठेवा, भिंत 2 मिलिमीटरची, आणि ओले रेझिन निघून जायला तळाशी दोन भोके. रेझिन हाताळताना नायट्रिल हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. घरी प्रिंटर नसेल तर पुणे-मुंबईत फाइल पाठवून छापून घेता येते.

पायरी 6: रंग

ग्रीक म्हणजे पांढराशुभ्र संगमरवर, हा समज सोडा. ते पुतळे रंगवलेले असत. 1972 मध्ये इटलीत रिआचेजवळच्या समुद्रात सापडलेल्या कांस्ययोद्ध्यांचे ओठ तांब्याचे आहेत आणि एकाचे दात चांदीचे.

करड्या प्रायमरवर पातळ अॅक्रिलिकचे थर द्या. हेफेस्टसने नुकतेच तोंड पुसले आहे, हे लक्षात ठेवा: चेहरा, मान, हात स्वच्छ, काजळी कानामागे, नखांत, गुडघ्यांवर आणि पोटऱ्यांवर. कोरड्या ब्रशने तपकिरी-काळा रंग अलगद घासला की काम होते. सगळ्या अंगावर काळा वॉश (खोबणीत उतरणारा पातळ रंग) ओतलात तर प्रसंगच पुसला जाईल. दासीला थेट सोनेरी रंग देऊ नका, पिवळ्या प्लास्टिकसारखी दिसते. आधी गडद तपकिरी, त्यावर सोनेरी, खोबणीत तपकिरी वॉश, आणि नाक, गुडघे, बोटांच्या टोकांवर चांदी मिसळलेले सोनेरी. शेवटी मॅट वार्निश द्या, पण दासीला वगळून.

विकायची असेल तर

देवांवर कोणाची मालकी नाही, पण चित्रपटांतला, गेममधला किंवा कॉमिक्समधला त्यांचा विशिष्ट चेहरा-पोशाख कोणाच्या तरी मालकीचा असतो. संग्रहालयांचे त्रिमितीय स्कॅन वापरताना परवाना वाचा. अनेकांना व्यावसायिक वापर चालत नाही. प्रती काढायच्या तर पहिल्या मूर्तीवरून सिलिकॉनचा साचा करा आणि कडा बोथट दिसू लागल्या की तो टाकून द्या. बैठकीखाली क्रमांक घाला. कुरिअरने पाठवताना काठी चिकटवू नका, वेगळ्या पुडीत द्या; बसवायला गिऱ्हाइकाला अर्धा मिनिट लागतो.