जुना ‘डूम’ पुन्हा खेळताना आधी माउस सुधारा

राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून आम्ही ‘डूम’ खेळायचो. 1993 चा हा राक्षसांवर गोळ्या झाडायचा गेम आज साध्या लॅपटॉपवरही मस्त चालतो, कारण 1997 मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला झाला आणि लोकांनी तो नव्या मशीनसाठी बांधून ठेवला. लोकांनी बांधलेल्या या आवृत्त्यांपैकी अगदी जुन्यासारखी हवी असेल तर ‘चॉकलेट डूम’ घ्या, नव्या सोयी हव्या असतील तर ‘जीझेडडूम’. गेमच्या शेअरवेअरची, म्हणजे फुकट वाटलेल्या नमुना आवृत्तीची, फाइल फुकट मिळते, तिच्यात पहिला भाग पूर्ण आहे.

बहुतेकांचा हिरमोड माउसमुळे होतो. मूळ गेममध्ये माउस पुढे सरकवला की नजर वर जात नाही, माणूसच पुढे पळतो! वळायला जावं आणि थेट राक्षसाच्या अंगावर. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन माउसची उभी हालचाल आधी बंद करा. वरखाली नेम धरायची गरजच नाही. शत्रू उंचावर असला तरी समोरून रेषेत आला की गोळी आपोआप लागते.

चित्र 4:3 या जुन्या पडद्याच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणातच ठेवा, रुंद ताणलं की सगळे बुटके दिसतात. आणि हेडफोन लावाच. दाराआडची गुरगुर कोणत्या कानात येते, त्यावरून कुठं वळायचं ते कळतं.