वांगी-टोमॅटो फुलावर असताना बांधावर औषध टाकू नका

पावसानं उघडीप दिली की फवारणी आणि बांध साफ करणं ही दोन्ही कामं एकदम अंगावर येतात. वांगी, टोमॅटो नेमके तेव्हाच फुलावर असतात आणि बांधाच्या उघड्या, कडक मातीत निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांची बिळं चालू असतात. त्या बिळांवर काळी, निळ्या ठिपक्यांची माशी घिरट्या घालताना दिसली की तिला कीड समजलं जातं. दुकानदार भुकटी नाहीतर दाणेदार औषध काढून देतो आणि सगळी बिळं रिकामी होतात. पुढे फुलगळ वाढली की तोच दुकानदार फळधारणेचं टॉनिक गळ्यात मारतो.

ही ठिपक्यांची माशी म्हणजे कोकीळ मधमाशी. ती पिकाला तोंड लावत नाही, मधपेट्यांनाही तिचा त्रास नाही. ती बीळ खणत नाही आणि पिल्लांसाठी पराग साठवत नाही. पट्टेवाली माशी बाहेर गेली की तिच्या बिळात शिरून अंडं घालते. त्यातून निघालेली अळी कोयत्यासारख्या जबड्यांनी आतलं अंडं किंवा अळी मारते आणि साठवलेले पराग खाऊन वाढते. नुकसान होतं, पण काही पेशींचंच (पेशी म्हणजे बिळातले अंड्या-परागाचे कप्पे). पट्टेवाल्या माश्या भरपूर असल्याशिवाय कोकीळ माशी तिथं टिकत नाही. औषधाला मात्र दोघींत फरक कळत नाही. उलट पट्टेवालीच जास्त मरते, कारण तीच माती उकरते आणि दिवसभर आत-बाहेर करते.

वांगी-टोमॅटोचे पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून किंवा चिरेतून बाहेर पडतात. पट्टेवाली माशी फुलाला धरून अंग थरथरवते तेव्हा ते झडतात. पाळीव मधमाशीला हे जमत नाही, म्हणून बांधावरच्या माश्या मारून मधपेटी आणणं हा उपाय नव्हे.

ओळख अशी: पोटावर पट्टे, मागच्या पायांवर पिवळे पराग आणि सरळ बिळात शिरणारी ती यजमान, म्हणजे बिळाची मालकीण पट्टेवाली. अंगावर ठिपके, पाय कोरडे, जमिनीलगत हळू उडत एकेक बीळ तपासणारी ती कोकीळ.

तूर, गुलाबाच्या पानांना कडेनं गोल काप दिसले तर तेही पानं कापणाऱ्या मधमाशीचं काम आहे. तिच्याही घरट्यात टोकदार पोटाची कोकीळ माशी अंडी घालते. फवारणी नको. तिच्यासाठी बांबूच्या नळ्या टांगल्या असतील तर माश्या निघून गेल्यावर दरवर्षी बदला. जुन्याच नळ्या ठेवल्या की परजीवी साठत जातात.

या आठवड्यातली कामं:
- बिळांच्या जागेला काठ्या रोवून खूण.
- तिथं कोळपणी, टिलर, तणनाशक, ठिबकचं पाणी बंद.
- रसशोषक किडी दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळी पावडर ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून मिसळा, एकूण १०० लिटर करा.
- फवारणी सूर्य मावळल्यावरच, बिळांकडे फवारा जाऊ न देता.

बांधालगतच्या दोन-चार ओळींत वांगी जास्त धरतात असा आमचा अंदाज आहे. बांध पूर्ण तासायचाच असेल तर बिळांचा भाग सोडा. बिळं उथळ असतात, कुदळीच्या पहिल्याच घावात पेशी फुटतात.