दगडावरचं झाड: या चुका टाळा

दर हिवाळ्यात मला तोच फोटो येतो. मुठीएवढा दगड, वर नांदरुकाचं (वडाच्या कुळातलं झाड) रोप, दगडावर वाळलेली चार मुळं आणि खाली प्रश्न: "पानं का गळतायत?" दगडावरची माती लवकर काढलीत म्हणून!

बोन्सायच्या या शैलीला जपानीत सेकिजोजु म्हणतात. यात मुळं दगडाला कवेत घेऊन खालच्या मातीत उतरतात. दगडाच्या खोबणीतच माती घालून झाड वाढवतात ती इशिझुकी, वेगळी शैली. सेकिजोजुत झाड जगतं ते खालच्या मातीवर, आणि मुळं जाड होतात ती अंधारात, ओलाव्यात. जपानात यासाठी ट्रायडेंट मेपल नावाचं झाड लावतात. आपल्याकडे नांदरुकासारखं सोशिक झाड नाही, पण त्याच्याही कोवळ्या मुळावर जाड साल नसते. ऊन लागलं की ते संपतं.

हे मी एक झाड अर्धं गमावून शिकलो. दोन वर्षं दीड फुटी पाइपात वाढवून रोपाची मुळं लांब केली होती. जूनमध्ये ती काळ्या पाषाणावर बसवून सगळं मातीत पुरलं. दिवाळीपर्यंत शेंड्याला हातभर फुटवा आला. वर एवढं वाढलंय म्हणजे खालीही झालंच असणार, असं धरून पाहुणे यायच्या आत मी माती काढली. मुळं पेन्सिलीच्या शिशाएवढी, पांढरीशुभ्र, फार सुंदर दिसत होती. संक्रांतीला त्यातलं एक अंगठ्याने दाबलं तर साल मोज्यासारखी सरकली आणि आत तपकिरी दोरा उरला. पाचातली तीन गेली होती, आणि त्या बाजूच्या फांद्याही.

तेव्हापासून दोन पावसाळे पूर्ण झाल्याशिवाय मी दगडाला हात लावत नाही. झाड प्लास्टिकच्या बादलीत पुरतो, बुडाला भरपूर भोकं पाडून. तिसऱ्या पावसाळ्यात, हवा दमट असताना, बादलीचा काठ वरून इंचभर कापतो आणि तेवढीच माती पाण्याने धुऊन काढतो. महिनाभर थांबून पुढचा इंच. "दोन वर्षं नुसती बादली बघायची?" असं नवे लोक विचारतात. हो, बघायची. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी साधं कुंडीतलं बोन्साय करावं, तेही छान होतं. पण गोंदाने दगडावर रोप चिकटवून त्याला बोन्साय म्हणू नये.

दगड गुळगुळीत गोटा नको. मुळांना धरायला खरबरीत, खाचांचा पाषाण हवा. बुंधा दगडावर घट्ट टेकवा, आज फट राहिली तर दहा वर्षांनीही दिसेल. मुळं एकमेकांवरून नेऊ नका. बांधायला तार नको, ती सालीत रुतते. मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरतो. आणि मुळांची टोकं दगडाखालच्या मातीत पोचलीच पाहिजेत.

एका बाजूला मूळच नसेल तर कलम करता येतं, माझ्या त्या झाडाला मी तेच केलं. त्याच जातीचं शिसपेन्सिलीएवढं रोप घ्यायचं. बुंध्याच्या तळाशी त्याच्या जाडीची खाच करायची, रोपाची साल त्या बाजूने तासायची आणि मुळं दगडावर उतरतील असं ते खाचेत बसवायचं. आंब्याच्या भेट कलमासारखंच. इथे लोक दोन ठिकाणी चुकतात. चीक वाहत असतानाच बांधतात, मग दोन्ही सालींखालचे हिरवे थर एकमेकांना भिडतच नाहीत. ओल्या फडक्याने टिपत राहा, चीक थांबला की मगच टेप आवळा. दुसरी चूक म्हणजे पंधरा दिवसांनी सोडून बघणं. मी पहिल्या वेळी सोडलं, जोड हलला आणि ते रोप वाया गेलं.

कलम लागलं की नाही, हे टेप न सोडताही कळतं. जोडाखालचा भाग वरच्यापेक्षा जाड दिसू लागला की बुंध्याचा रस त्या मुळात उतरतोय असं समजा. मग रोपाचा शेंडा आधी जोडाच्या वर अर्धा चिरायचा, आणि तीन-चार आठवड्यांनी पूर्ण छाटायचा. हे सगळं फेब्रुवारीअखेर ते पावसाच्या तोंडापर्यंत, झाड जोमात असताना करा. थंडीत नांदरुकाला खाच मारली तर ती महिनोन्महिने तशीच उघडी राहते.

माझ्या त्या झाडाला आता दोन कलमी मुळं आहेत. त्यातलं एक अजून बादलीतच आहे, पुढच्या जूनपर्यंत तिथेच राहील.