जीवाश्म आधी हातात द्या, मग बोला

लोकांना जीवाश्म दाखवायला टेबल मांडलं की मी आधी अमोनाईट, म्हणजे गुंडाळलेल्या शिंपल्याच्या प्राचीन समुद्री प्राण्याचा जीवाश्म, काचेखालून बाहेर काढते. ‘हात लावू नका’ ही पाटी मी कधीच लावत नाही. अमोनाईट, दगड झालेलं लाकूड, शार्कचे दात हे चांगले टणक असतात, दिवसभराचे हात सोसतात. नाजूक हाडांच्या प्रतिकृती ठेवा आणि ‘ही प्रतिकृती आहे’ असं ठळक लिहा. ‘हे खरं आहे का?’ असं मुलं विचारतातच. तिथे खोटं बोललात तर पुढचं सगळं वाया.

वस्तू हातात दिली की गप्प राहा. सगळ्यात अवघड काम हेच. मी मनातल्या मनात दहा आकडे मोजते. माझ्याकडे एक तपकिरी, मुठीएवढा गोळा आहे. एका मुलीने तो उलटसुलट केला, हुंगला, भिंगाखाली धरला आणि म्हणाली, “यात माशाचे खवले आहेत.” मी म्हटलं, ही विष्ठा आहे, दगड झालेली. ती किंचाळली, पण गोळा सोडला नाही. क्षणभराने म्हणाली, “म्हणजे यानं मासा खाल्ला होता!” इंग्लंडमधल्या लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगलाही असे दगड इक्थिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्यांत पोटाच्या जागी सापडले होते आणि फोडल्यावर आत माशांची हाडं-खवले दिसले होते. मुलगी त्याच वाटेने तिथवर आली होती. मी आधीच सांगून टाकलं असतं तर तिचा तो क्षण गेला असता.

काळ सांगायला आकडे पुरत नाहीत, दोरी घ्या. ४६ मीटर दोरी म्हणजे पृथ्वीचं वय, १ सेंटिमीटरला १० लाख वर्षं. एक टोक म्हणजे आज. तिथून २ मीटर ३० सेंटिमीटरवर पहिले डायनोसॉर, दीड मीटरवर स्टेगोसॉरस हा डायनोसॉर, ६६ सेंटिमीटरवर पक्षी सोडून बाकीच्या डायनोसॉरांचा शेवट. तिथेच, अगदी लगत, टी. रेक्स हा शिकारी डायनोसॉर. या जागांवर दोरीला चिमटे लोकांनाच लावू द्या आणि वितीने मोजू द्या. स्टेगोसॉरसपेक्षा टी. रेक्स आपल्याला जवळचा निघतो, तेव्हा मोठी माणसंही पुन्हा मोजायला वाकतात. आपली माणसाची जात शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये येते.

शास्त्रज्ञांच्या चुका लपवू नका. इग्वानोडॉन या डायनोसॉरचं एक टोकदार हाड आधी नाकावरचं शिंग समजलं गेलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत १८५४ साली उभारलेल्या पुतळ्यांवर ते आजही नाकावरच आहे. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या खाणीत सांगाडे मिळाले आणि ते हाताच्या अंगठ्याचं निघालं. मी लोकांपुढे नुसती त्या हाडाची प्रतिकृती ठेवते आणि विचारते, कुठे बसवाल?

लोक स्वतःचे दगडही घेऊन येतात. एका आजोबांनी रुमालात बांधून आणलेल्या दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी होती. मी घाईत म्हणाले, “हे फॉसिल नाही.” त्यांनी रुमाल पुन्हा बांधला आणि निघून गेले. ते मला अजून लागतं. आता मी आधी विचारते, कुठे मिळाला, कसा दिसला? मग भिंग त्यांच्या हातात देते आणि देठ, पानाच्या शिरा शोधायला सांगते. त्या नसतात. मँगनीजयुक्त पाणी दगडाच्या फटीत शिरून अशी झाडं उमटतात, त्यांना डेंड्राइट म्हणतात. हे ऐकल्यावर बहुतेकजण दगड आणखी जपून गुंडाळतात.

आणि खरंच जीवाश्म दिसला तर? उपटू नका. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, जागा नीट टिपून ठेवा आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा. कुठल्या थरात होता हे हरवलं की त्याची अर्धी गोष्ट हरवते. हे मी प्रत्येकाला सांगते, रांग कितीही लांब असली तरी.