ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नव्याने रुजू झालात? हत्यारांवरच्या डागांबद्दल थोडं

जळगाव-धुळ्याकडच्या हॉस्पिटलांत ओटी असिस्टंट म्हणून येणारी मुलं हमखास विचारतात, "स्टेनलेस स्टील आहे ना, मग गंज कुठून?" या स्टीलमधल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन वर एक अतिशय पातळ थर धरतो आणि तोच गंज अडवतो. तो थर फुटला की संपलं. त्यातून कात्री, नीडल होल्डर (टाक्यांची सुई धरायचा चिमटा) यांचं स्टील धार आणि कडकपणासाठी निवडलेलं असतं. त्यात क्रोमियम जेवणाच्या ताटांच्या स्टीलपेक्षा कमी, म्हणून ते लवकर गंजतं.

थर फोडतं ते मुख्यतः क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक. रक्तात ते असतंच, सलाइनमध्ये 0.9 टक्के मीठ असतं. म्हणून वापरलेली हत्यारं सलाइनमध्ये बुडवून ठेवणं मला अजिबात पटत नाही, कितीही जुनी पद्धत असली तरी. ब्लीचचंही तेच. तुमच्याकडे 0.5 टक्के क्लोरीनच्या द्रावणाचा नियम असेल तर 10 मिनिटं, आणि लगेच साध्या पाण्याने खळखळून धुवा. द्रावणात ठेवून जेवायला जाऊ नका.

आपल्याकडे उन्हाळा वेगळाच. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो. एसी नसलेल्या धुण्याच्या खोलीत रक्त बघता बघता वाळतं. केस संपताच हत्यारांवर साध्या पाण्याचा ओला कपडा टाका. पहिलं धुणं थंड पाण्यानेच. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं गोठून चिकटतात. मग न्यूट्रल पीएचचं एन्झाइम डिटर्जंट आणि मऊ ब्रश. आर्टरी फोर्सेपची (रक्तवाहिनी दाबून धरायच्या चिमट्याची) कडी आणि सांधा पूर्ण उघडून घासा, गंज तिथूनच सुरू होतो. तारेची घासणी मात्र हत्यारांना लावायचीच नाही.

आता पाणी, ज्याकडे कोणी बघत नाही. बोअरच्या जड पाण्यातले क्षार गिझरच्या कॉइलवर पांढरे चढतात, तसेच हत्यारांवरही बसतात. शेवटचं खळबळणं आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने करा, ऑटोक्लेव्हमध्येही (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) तेच भरा. वॉर्डात पिण्यासाठी आरओ बसवतात आणि ओटीचा नळ बोअरवर ठेवतात, हे बदलून घ्यायला मी इन्चार्ज सिस्टरच्या मागेच लागते. धुतल्यावर नीट पुसून, सांध्यांना पाण्यात विरघळणारं ल्युब्रिकंट लावा. शिवणयंत्राचं तेल नको. त्यातून वाफ आत पोचत नाही.

डाग की गंज, हे पेन्सिलच्या खोडरबराने कळतं. डाग निघाला आणि खालचं स्टील गुळगुळीत दिसलं, तर तो डागच. खाली बारीक खड्डा दिसला, तर ते हत्यार बाजूला काढून इन्चार्जला दाखवा. ते ट्रेत बाकीच्यांसोबत ऑटोक्लेव्हला लावू नका, एकाचा गंज शेजारच्या चांगल्या हत्यारांवर उतरतो.